१७ इंची ट्रिनिट्रॉन सीआरटी मॉनिटर विकणे आहे, म्हापसा (जुन्या गेम्स खेळणाऱ्यांसाठी)

बारदेशकर:
नमस्कार मंडळी. सोनीचा १७ इंची ट्रिनिट्रॉन मॉनिटर (सीआरटी, म्हणजे काचेच्या पिक्चर ट्यूबवाला) विकायला काढला आहे. चालू स्थितीत आहे. आमच्या घरी पूर्वी डीटीपीचं काम चालायचं, लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, चवथीला वाटायच्या आरत्यांच्या पुस्तिका. त्या कामासाठी वडिलांनी हा घेतला होता. पुढे काम बंद झालं आणि मी यावर डॉसच्या गेम्स खेळायला लागलो. आता घराची डागडुजी काढली आहे, माझी खोली लहान होतेय आणि हा पसरट गडी ठेवायला टेबलच उरत नाही.

दिसणारा भाग १६ इंच. मागच्या पट्टीवर आडवी वारंवारता (सेकंदाला किती आडव्या ओळी काढतो ते) ३० ते ७० किलोहर्ट्झ लिहिली आहे, म्हणजे १०२४ × ७६८ ला ८५ हर्ट्झ मिळतं, मी तसाच वापरतो. व्हीजीए केबल मॉनिटरलाच जोडलेली आहे, पंधराही पिना सरळ. काचेवर खाली उजवीकडे एक ओरखडा आहे, नखाला लागतो, चित्र चालू असताना दिसत नाही. वर डावीकडे कोपऱ्यात पांढऱ्या रेघेची लाल कड किंचित सुटते. गेम खेळताना जाणवत नाही, बारीक अक्षरं वाचताना जाणवेल. बर्न-इन (एकच चित्र फार वेळ राहून पडलेला कायमचा डाग) नाही.

पांढऱ्या पडद्यावर दोन अगदी बारीक आडव्या रेघा दिसतील. तो दोष नव्हे. ट्रिनिट्रॉनमध्ये भोकांच्या जाळीऐवजी उभ्या ताणलेल्या तारा असतात, त्या थरथरू नयेत म्हणून त्यांच्यावरून दोन आडव्या तारा घातलेल्या असतात, त्यांच्याच त्या सावल्या. एवढ्या आकाराच्या ट्रिनिट्रॉनला त्या असायच्याच. आधीच सांगून ठेवतो, कारण फोटो बघून दोघांनी 'पट्टी गेलीय का' असं विचारलं.

अपेक्षा ४,५०० रुपये. कुरियरने पाठवणार नाही. घरी या, मॉनिटर थंड असताना तुमच्या हाताने चालू करा, हवं तेवढं खेळून बघा, मग पैशांचं बोलू.

डिचोलीकर:
मला हवाय! माझ्याकडे पहिलं प्लेस्टेशन आहे, आणि लहानपणीची कॅसेटवाली टीव्ही गेम अजून चालते, बंदुकीसकट. नवीन एलईडी टीव्हीवर बंदूक काही केल्या लागत नाही. पिवळी-पांढरी-लाल पिन या मॉनिटरला कशी जोडायची तेवढं सांगा, रविवारी येतो.

बारदेशकर:
डिचोलीकरबाब, तुम्हाला हा विकला तर तुमची निराशा होईल. पिवळी पिन याला लागतच नाही. कन्व्हर्टर डबी घालून चित्र आणता येईल, पण तुम्हाला जे हवंय ते त्यात मिळणार नाही. तुम्हाला सीआरटी टीव्ही हवा, मॉनिटर नव्हे.

डिचोलीकर:
दोन्हींत काचेची पिक्चर ट्यूबच ना? मग फरक काय?

एलओटी:
हा प्रश्न इथे दर थोड्या दिवसांनी येतो, म्हणून नीट लिहितो. टीव्ही दुरुस्तीत बरीच वर्षं काढली आहेत.

ट्यूब दोन्हींत आहे, पण किरण डावीकडून उजवीकडे सेकंदाला किती वेळा धावतो त्यात फरक आहे. आपल्याकडच्या पाल (PAL, भारतातली टीव्हीची पद्धत) टीव्हीवर एका सेकंदात १५,६२५ आडव्या ओळी काढल्या जातात. संगणकाचा व्हीजीए मॉनिटर सुरूच होतो साधारण ३१,५०० ओळींपासून, जवळपास दुप्पट. कॅसेटवाली गेम, सेगा, पहिलं प्लेस्टेशन ही सगळी मंडळी १५ किलोहर्ट्झवाली. त्यांचा सिग्नल बारदेशकरांच्या मॉनिटरला थेट दिलात (तशी केबल केलीत तरी) तर मॉनिटर तो पकडणार नाही. चांगला मॉनिटर 'आउट ऑफ रेंज' लिहून गप्प बसतो. फार जुन्या मॉनिटरवर तर असला प्रयोग करूच नये, लाइन आउटपुटवर (किरण आडवा धाववणाऱ्या भागावर) ताण येतो.

मधे डबी घालून ओळी दुप्पट करता येतात. पण स्वस्त डबी चित्र आधी साठवते आणि मग पुढे पाठवते, तेवढा उशीर होतो. तुमची बंदूक नेमकी तिथेच अडते. घोडा दाबल्यावर गेम क्षणभर पडदा काळा करते आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढते. बंदुकीच्या नळीतला डोळा त्याच क्षणी उजेड दिसतो का ते बघतो. सीआरटी टीव्हीवर किरण तिथे पोचला की लगेच उजेड पडतो. एलईडी टीव्ही चित्रावर आधी प्रक्रिया करतो आणि मग दाखवतो, तोवर बंदुकीची बघायची वेळ निघून गेलेली असते. डबी घातलेल्या मॉनिटरवरही तेच होईल.

तुम्ही २१ इंची टीव्ही शोधा, शक्यतो २००० नंतरचा. हे बहुतेक मल्टिसिस्टिम असतात, पाल आणि एनटीएससी (अमेरिका-जपानची पद्धत) दोन्ही घेतात. काहींना मागे हिरवी-निळी-लाल अशी कंपोनंटची तीन भोकंही असतात. तसा मिळाला तर प्लेस्टेशन २ साठीसुद्धा उत्तम. आणि असा टीव्ही गोव्यात बहुतेक फुकट मिळतो. लोकांच्या माळ्यावर, गोठ्याशेजारच्या खोलीत पडून आहेत.

डिचोलीकर:
आता कळलं. पैसे देऊन घरी आणला असता आणि मग कपाळाला हात लावला असता. बारदेशकर, गिऱ्हाईक हातचं जाऊ दिलंत, मोठं मन आहे तुमचं.

बारदेशकर:
मन मोठं वगैरे नाही, मॉनिटर योग्य मशीनला लागावा एवढंच. म्हणून घेणाऱ्याने 'मी याला काय जोडणार' हे आधी लिहावं. डॉस किंवा विंडोज ९८ चा जुना पीसी असेल, सेगाचं ड्रीमकास्ट असेल (त्याला व्हीजीए केबल मिळते, ६४० × ४८० चं चित्र सरळ येतं), व्हीजीए केबलवाला एक्सबॉक्स ३६० असेल किंवा नव्या पीसीवर एम्युलेटर (जुन्या कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्राम) चालवणार असाल, तर हा तुमच्यासाठी आहे.

फर्मागुडी:
खरंच समजून घ्यायचंय म्हणून विचारतो. माझ्याकडे १४४ हर्ट्झचा एलसीडी आहे. रेट्रोआर्च नावाच्या एम्युलेटर प्रोग्राममध्ये सीआरटी शेडर (चित्र सीआरटीसारखं दाखवणारा फिल्टर) लावला की ओळी-बिळी सगळं दिसतं. मग एवढं जड धूड टेबलावर ठेवून वेगळं काय मिळतं?

बारदेशकर:
शेडर आता खूप चांगले झालेत. स्थिर चित्राचे दोन फोटो शेजारी ठेवलेत तर कदाचित मलाही सांगता येणार नाही कुठला कशाचा. फरक चित्र हललं की कळतो.

एलसीडीवर एक फ्रेम आली की पुढची येईपर्यंत ती तशीच पेटलेली राहते. आपला डोळा मात्र धावणाऱ्या पात्रामागे सरकत असतो, त्यामुळे ते डोळ्यात पुसट होतं. सीआरटीवर किरण ज्या ठिपक्यावर पडतो तो क्षणभर लखकन पेटतो आणि मिलिसेकंदभरात विझत जातो. बाकी वेळ तिथे अंधारच. म्हणून मारिओ पळताना मागच्या विटा विटाच दिसतात, त्यांचा लेप होत नाही.

दुसरं म्हणजे या काचेला ठरावीक पिक्सेल नाहीत. ६४० × ४८० द्या, ८०० × ६०० द्या, ती त्याच आकारात काढते, ताणून फुगवत नाही. डॉसच्या बऱ्याच गेम्स ३२० × २०० मध्ये आहेत आणि ७० हर्ट्झला चालतात. व्हीजीए कार्ड प्रत्येक ओळ दोनदा काढून त्या ४०० करतं आणि मॉनिटर ते ४:३ मध्ये भरतो. त्या गेम्सचे चित्रकार याच आकारावर चित्रं काढत होते. ६० हर्ट्झच्या एलसीडीवर तेच ७० चं चित्र अडखळत सरकतं, आणि चौकोनी पिक्सेल धरले तर माणसं बुटकी दिसतात.

आता एम्युलेटरवाल्यांसाठी माझी सगळ्यात आवडती गोष्ट. कन्सोलच्या २४० ओळींचं चित्र ६० हर्ट्झला या मॉनिटरवर येत नाही, कारण ते १५ किलोहर्ट्झला पडतं. पण तेच ३२० × २४० जर १२० हर्ट्झला दिलंत तर आडवी वारंवारता ३१ च्या आसपास जाते आणि मॉनिटर ते आनंदाने घेतो. ओळींमधली खरी काळी फट दिसते, शेडरची नव्हे. फक्त प्रत्येक फ्रेम दोनदा दिसल्याने हलत्या चित्राच्या दोन कडा दिसतात. रेट्रोआर्चमध्ये एक आड एक काळी फ्रेम घालायची सोय आहे, ती चालू केली की जातात. उजेड निम्मा होतो, मग रात्री दिवा मालवून खेळायचं. वडिलांना एकदा असं दाखवलं, तर ते गेम बघायचं सोडून काचेजवळ वाकून ओळी बघत बसले. आयुष्यभर छपाईचे ठिपके तपासलेला माणूस.

फर्मागुडी:
१२० हर्ट्झची युक्ती माहीत नव्हती. मॉनिटर विकला जायच्या आधी एकदा येऊन बघू का? घेणार नाही, हॉस्टेलवर जागाच नाही.

बारदेशकर:
ये की. न घेणाऱ्यांनाही चहा आहे.

तिसवाडीकरीण:
माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे आणि त्याला आता हे वेड लागलंय. तो म्हणतो, जुना टीव्ही आणून मी स्वतः उघडून साफ करतो. करू देऊ का? व्हिडिओत सगळं सोपं दिसतं.

एलओटी:
ताई, उघडू देऊ नका. हे मी घाबरवायला लिहीत नाही. ट्यूबच्या पाठीवर जी रबरी टोपी असते तिथे रंगीत ट्यूबला पंचवीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही ट्यूब तो धरून ठेवू शकते. शिवाय सप्लायच्या मोठ्या कंडेन्सरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी असतो, तोही कमी नाही. आणि मागची बारीक मान, जिथे छोटी पाटी लागते, ती पूर्ण ट्यूबमधली सगळ्यात नाजूक जागा. पाटी तिरकी ओढली की मान तडकते, हवा आत शिरते आणि ट्यूब कायमची गेली.

मुलाला हौस आहे ती मोडू नका. माझ्यासारखा जुना कारागीर गाठा, त्याच्या शेजारी उभं राहून बघू दे. टोपी उचलण्याआधी ट्यूबचा चार्ज कसा उतरवतात ते हाताला धरून शिकायचं काम आहे. बाहेरची साफसफाई त्याने खुशाल करावी: मऊ कापड किंचित ओलं करून, मशीन बंद आणि प्लग काढलेला. काचेवर स्प्रे मारायचा नाही, पाणी कडेने आत उतरतं.

गोव्यातल्या हवेबद्दल दोन शब्द, कारण बाहेरचे लोक हे लिहीत नाहीत. समुद्राची खारट दमट हवा आणि आत साचलेली धूळ एकत्र आली की उच्च दाबाच्या जागी ठिणगी उडायला लागते. चालू करताना 'टिक टिक' आवाज येतो, कधी पावसात वीज चमकल्यावर येतो तसा तिखट वास येतो. असं झालं की लगेच बंद करायचं आणि साफ करून घ्यायचं, नाहीतर एलओटी (लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मर, उच्च दाब बनवणारा भाग, माझं इथलं नाव त्यावरूनच) जातो. आणि आता त्या मॉडेलचा एलओटी शोधत बसावं लागतं. पावसाळाभर बंद पडलेला सेट थेट लावू नका. आधी दोन-तीन दिवस कोरड्या खोलीत ठेवा. आमच्याकडे येणाऱ्या सेटमध्ये पालींची अंडी, कोळ्यांची जाळी आणि हिरवे पडलेले सांधे, तिन्ही एकत्र निघतात. सुके पडलेले सांधे पुन्हा सोल्डर केले की निम्मे सेट उठून बसतात.

तिसवाडीकरीण:
देव बरें करूं. त्याला वाचून दाखवलं. आता तो तुमच्या दुकानाचा पत्ता मागतोय.

एलओटी:
निरोप पाठवतो. सुट्टीच्या दिवशी सकाळी आणा.

पुणेरी_गोवेकर:
मूळचा सावईवेऱ्याचा, सध्या पुण्यात. ४,५०० रोख, पॅकिंगचे वेगळे देतो. कुरियरने पाठवाच ना. थर्माकोल घालून, 'काच' असं लिहून.

बारदेशकर:
माफ करा, नाही जमणार. खोक्यावर काय लिहिलंय ते ट्रकमध्ये कोणी वाचत नाही.

काणकोणकर:
मी असा एक बाहेरून मागवला होता, कंपनीचं नाव नको. खोकं बाहेरून जसंच्या तसं, आत काच शाबूत, पण मान तुटलेली. चालू केला तर नुसता फॅनसारखा आवाज आणि अंधार. विकणारा म्हणतो मी चालू दिला, कुरियर म्हणतं खोकं चांगलं आहे. दोघांचंही खरं होतं आणि पैसे माझे गेले. पुणेकरबाब, तुम्ही गणपतीला गावी याल ना? तेव्हा गाडीतून न्या. मागच्या सीटवर उशी, पडदा सीटच्या पाठीकडे करून ठेवायचा आणि पट्टा आवळायचा. वजन सगळं काचेच्या बाजूला असतं, ती बाजू टेकलेली हवी. स्कूटरवर कोणी पुढ्यात घेऊन नेऊ नका, म्हापशात मी ते दृश्य पाहिलंय.

पुणेरी_गोवेकर:
चवथीला येतोच. तोवर राहिला तर माझा.

वास्को_७:
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आमच्याकडे भंगारवाला असल्या मॉनिटरचे दोनशे रुपये देतो. ४,५०० कशाचे?

बारदेशकर:
राग कसला. भंगारवाला दोनशे देतो ते यॉकवरच्या (मानेभोवतीच्या वेटोळ्याच्या) तांब्याचे. तो हातोडीने मान फोडतो, तांबं काढतो आणि काच टाकून देतो. त्या काचेच्या मागच्या भागात शिसं असतं, आणि ती आपल्याच ओहोळाच्या कडेला जाऊन पडते. म्हणून बंद पडलेला सेटसुद्धा भंगारात न देता ई-कचऱ्याच्या अधिकृत केंद्रात द्या. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यात टीव्ही आणि मॉनिटर दोन्ही येतात. चालू सेट तर फोडूच नये. अशा ट्यूब आता कोणी नव्याने बनवत नाही. जी फुटली ती संपली.

एलओटी:
भावाबद्दल मी मध्ये पडतो. दोनशे हा हिशेबच चुकीचा, पण ४,५०० थोडे जास्त आहेत. ज्या ट्रिनिट्रॉनना लोक भरमसाट पैसे देतात ते १९ आणि २१ इंची, आडवी वारंवारता ९५ च्या पुढची. हा १७ इंची, ७० चा. कोपऱ्यात रंग सुटतो हे त्यांनी स्वतःच सांगितलंय. उलट बाजूला बर्न-इन नाही, एकाच घरात राहिलेला आहे, आणि चालू करून दाखवतायत. मी ३,५०० ते ४,००० म्हणेन. परदेशी वेबसाइटवरचे आकडे बघून गोव्यात भाव लावू नये. तिकडे गिऱ्हाईक शंभर, इथे चार.

बारदेशकर:
मान्य. चारच्या आत बसू.

साखळीची_कळ:
मी घेते. पेंटियम ३ चा पीसी आहे, विंडोज ९८, साउंड ब्लास्टर साउंड कार्डासकट. शिवाय ड्रीमकास्ट, व्हीजीए केबलसह. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला येणारच आहे, भावाची गाडी आहे. सकाळी अकराला चालेल? आणि येताना काय तपासू ते एलओटीबाबनी सांगावं.

एलओटी:
बारदेशकरांना सांगा की तुम्ही यायच्या आधी लावू नका. थंड मशीन चालू होताना खरं बोलतं. चित्र यायला किती वेळ लागतो ते बघा. सुरुवातीला अंधूक आणि मग हळूहळू उजळत गेलं, तर ट्यूब थकली आहे. मग पूर्ण पांढरा पडदा लावा. कुठे गुलाबी-हिरवा डाग असेल तर घाबरू नका, डिगॉसचं (ट्यूबमधलं चुंबकत्व घालवायचं) बटण दाबा, चुंबकीय डाग असेल तर जाईल. लगेच पुन्हापुन्हा दाबू नका, आतला पोझिस्टर (डिगॉसचा करंट आवरणारा भाग) गार झाल्याशिवाय जोर येत नाही. मग पूर्ण काळा पडदा, खोली अंधारी करून. काळा राखाडी दिसला आणि आडव्या तिरक्या रेघा आल्या तर स्क्रीनचा व्होल्टेज वर गेलाय, तो आतून कमी करता येतो, पण तेवढे पैसे कमी करा. मग अर्धा तास चालू ठेवून आकार लहान-मोठा होतो का ते बघा. शेवटी गडद चित्रावरून उजळ चित्रावर जा. त्या वेळी पडदा श्वास घेतल्यासारखा फुगला तर सप्लायचे कंडेन्सर म्हातारे झाले असू शकतात.

साखळीची_कळ:
बघून आले, घेऊनही आले. इतरांच्या उपयोगाला लिहिते.

चित्र दहाएक सेकंदांत आलं, उजळपणा पुरेसा. पांढऱ्या पडद्यावर डावीकडे हिरवट छटा होती. डिगॉस दाबल्यावर 'धम्म' झालं, चित्र थरथरत फिरलं आणि छटा गेली. शेजारी जुना स्पीकर होता, त्याच्या चुंबकाने आली असणार, तो बारदेशकरांनी लगेच लांब ठेवला. कोपऱ्यातली लाल कड त्यांनी सांगितली तेवढीच आहे. आकार स्थिर. काळा चांगला काळा. वडिलांनी स्वतः डीटीपीच्या जुन्या फाइलमधली एक लग्नपत्रिका उघडून फोकस दाखवला, अगदी बारीक टायपातली 'आपले नम्र' खालची नावं वाचता येत होती. फर्मागुडीही आला होता, १२० हर्ट्झवर पोझिशन घेऊन बसला तो उठेचना.

३,८०० ला ठरलं. सोबत जुन्या ड्रायव्हरची सीडी मिळाली.

एक शंका. भावाला त्याचा नवा पीसीही याला जोडायचाय. त्याच्या कार्डाला व्हीजीए नाही, फक्त एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट.

बारदेशकर:
एचडीएमआय टू व्हीजीएचा साधा अॅडाप्टर चालेल, १०२४ × ७६८ ला ८५ हर्ट्झपर्यंत अडचण येऊ नये. उशीर नगण्य, कारण तो चित्र साठवत नाही, नुसता डिजिटलचा अॅनालॉग करतो. एम्युलेटरसाठी वेगळा पीसी करायचा असेल तर जुनं कार्ड शोधा. एनव्हीडियाच्या ९०० मालिकेपर्यंत डीव्हीआय-आय (डिजिटल आणि अॅनालॉग दोन्ही देणाऱ्या) सॉकेटमधून थेट अॅनालॉग मिळतं, २०१६ च्या मालिकेपासून ते बंद झालं. आणि १२८० × १०२४ लावू नका, तो आकार ५:४ आहे, काच ४:३ ची. १२८० × ९६० लावा, म्हणजे गोल गोलच दिसेल.

विकला गेला, मंडळी. पुणेकरबाब, माफ करा. दुसरा कुणाकडे दिसला तर तुम्हाला कळवतो.

डिचोलीकर:
मला मावशीकडे मयेला २१ इंची टीव्ही सापडलाय, लाकडी कपाटात. दोन-तीन पावसाळे लावलेला नाही. मागे पिवळं भोक आहे. आणू का थेट?

एलओटी:
आणा, पण लावू नका. आधी कोरड्या खोलीत ठेवा, मागच्या जाळीतून विजेरीने आत बघा, मुंग्या-पालींचं घर असेल तर माझ्याकडे घेऊन या. जाताना प्लेस्टेशन आणि बंदूकही पिशवीत घाला, इथेच लावून बघू. तिसवाडीच्या ताईंचा मुलगाही त्याच दिवशी येतोय, त्याला उघडताना बघायला मिळेल.

डिचोलीकर:
रविवार सकाळ पक्की. कॅसेटही आणतो, बदकांची आणि कॉन्ट्राची, दोन्ही.